बसऱ्याहून परतलेली बोट: घरातल्या जखमी शिपायाचा आणि त्याच्या हॉस्पिटल जहाजाचा माग कसा काढावा

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या साथीदारांनी नुकत्याच काढलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ती पहिली फेरी. त्या दिवसाची आठवण म्हणून १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. पण ही बोट त्याआधी काय करत होती, हे फारसं कुणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती तरंगतं इस्पितळ होती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतलेल्या या बोटीतून जखमी आणि आजारी हिंदी शिपाई ने-आण होत. सिंदिया कंपनीच्या नावातले ‘सिंदिया’ म्हणजे हेच शिंदे.

सातारा, रत्नागिरी, रायगड, पुणे या भागांतल्या कितीतरी घरांत अजून एक वाक्य ऐकू येतं: ‘आमचे पणजोबा जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेले होते, जखमी होऊन बोटीने परत आले.’ जर्मनची लढाई म्हणजे पहिलं महायुद्ध, आणि बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर. कोणत्या बोटीने, ते कुणाला माहीत नसतं. ते शोधून काढता येतं. निदान दोन-तीन बोटींपर्यंत तरी नक्की पोहोचता येतं. गेली काही वर्षं मी नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांसाठी हे काम करतो आहे. त्यातून जी रीत बसली ती इथे क्रमाने मांडतो.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. एक, बोटीला एकाहून जास्त नावं असतात आणि तुम्हाला हवा तो कागद बहुधा तिच्या दुसऱ्याच नावाखाली असतो. दोन, हॉस्पिटल जहाजावर आपली माणसं दोन प्रकारची होती, खाटेवर निजलेली आणि बोट चालवणारी. शिपायाचे कागद लष्कराच्या कपाटात गेले, खलाशाचे व्यापारी जहाजांच्या. एकाच बोटीवरचे दोन सख्खे शेजारी शोधायला दोन वेगळ्या दारांवर जावं लागतं.

पदकाची कड आधी वाचा

इंटरनेट उघडण्याआधी घर उघडा. माळ्यावरची पत्र्याची पेटी, देव्हाऱ्याखालचा खण, जमिनीच्या कागदांची पिशवी. तीन गोष्टी शोधायच्या: पदक, पेन्शनचा कागद आणि ‘जंगी इनाम’ (लष्करी सेवेबद्दल मिळालेलं इनाम) असा उल्लेख असलेला कोणताही हुकूम.

पदक सापडलं की ते घासूनपुसून लख्ख करण्याचा मोह आवरा. चिंचेने किंवा राखेने घासलेल्या पदकाची अक्षरं कायमची जातात. ते खिडकीपाशी न्या, कड डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि प्रकाश तिरका पडेल असं सावकाश फिरवा. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण एका ओळीत कोरलेली असते. मोबाईलने फोटो काढायचा तर कड चार तुकड्यांत टिपा, कारण एकाच फोटोत सगळी अक्षरं कधीच नीट येत नाहीत.

पदक कोणतं, त्यावरूनही बरंच कळतं. पाचव्या जॉर्जचं डोकं असलेलं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल लढाऊ शिपायाला मिळे. तेच पदक ब्राँझचं असेल तर माणूस हमाल-मजूर तुकडीत किंवा लष्कराबरोबरच्या चाकरवर्गात होता असं समजा. हिरव्या-लाल फितीचं ब्राँझ पदक निघालं तर वाट पूर्ण बदलते. ते मर्कंटाईल मरीन वॉर मेडल, म्हणजे व्यापारी जहाजावरच्या माणसाचं. फितीतला हिरवा आणि लाल रंग म्हणजे जहाजाच्या उजव्या-डाव्या बाजूचे दिवे. त्याच्या पाठीवर खवळलेल्या समुद्रातून जाणारी आगबोट दिसते आणि कडेवर बहुधा फक्त नाव असतं. असं पदक असेल तर मधले भाग सोडून थेट खलाशांबद्दलच्या भागाकडे वळलात तरी चालेल.

घरातले जुने कागद मोडीत असतील तर घाबरून जाऊ नका. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग चालतात आणि तिथून शिकून बाहेर पडलेली माणसं आता जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहेत. कागदाचा स्वच्छ फोटो आणि थोडा धीर एवढंच लागतं.

वडीलधाऱ्यांना विचारताना ‘जखमी’ या शब्दावर विसंबू नका. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गोळीपेक्षा हगवण, हिवताप, उष्माघात आणि स्कर्व्ही यांनी जास्त माणसं खाटेला खिळवली. ताज्या भाजीपाल्याविना महिनोन्‌महिने काढलेल्या हिंदी शिपायांच्या हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. म्हणून असं विचारा: परत आल्यावर काय त्रास होता? चालताना लंगडायचे का? दात लवकर गेले का? एका आजींनी मला सांगितलं की सासरे तिशीतच बोळके झाले होते. तेवढ्यावरून आम्ही जखमींच्या याद्या बाजूला ठेवून आजाऱ्यांच्या नोंदींकडे वळलो.

गाव तेव्हा कुठे होतं?

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. तिथे फक्त मृतांची नोंद आहे, पण परतलेल्या माणसाच्या शोधातही ती फार उपयोगी पडते. त्याच गावचे, त्याच पलटणीतले, त्याच सुमाराला गेलेले लोक सापडतात आणि भरतीची लाट कळते. हिंदी शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका, जिल्हा, मुंबई’ असा तपशील असतो. नावाने शोध लागला नाही तर ‘जादा माहिती’च्या रकान्यात गावाच्या नावाने शोधा.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला जिल्ह्यांचा. तेव्हा रायगड नव्हता, कुलाबा होता. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यात होता. सिंधुदुर्गातली बरीच गावं रत्नागिरीत, तर काही सावंतवाडी संस्थानात. कोल्हापूर हेही संस्थान. खेड रत्नागिरीतही आहे आणि पुण्यातही, म्हणून तालुका दिसला की जिल्हा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा खड्डा स्पेलिंगचा. भरती करणाऱ्या कारकुनाच्या कानाला जे लागलं ते त्याने लिहिलं. जाधवच्या शेवटी ‘व्ही’ऐवजी ‘ओ’ येतो, चव्हाणचा ‘चौहान’ होतो, शिंदेतला ‘एच’ गळतो. आडनाव नसतंच कधीकधी. नुसतं ‘रामा’, ‘बाळू’, ‘गोविंद’. एका नावाची सात-आठ इंग्रजी रूपं कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येकाने शोधून झालं की खूण करा. मी हे न करता दोन महिने एकाच स्पेलिंगमागे घालवले. नाव तिथेच होतं, एका अक्षराच्या फरकाने.

गावातही पाहा. चावडी, शाळा किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. त्या पाटीवरचा आकडा आणि तुम्ही जमवलेली नावं ताडून पाहिली की अजून किती माणसं शोधायची राहिली ते कळतं.

पलटणीवरून तारीख, तारखेवरून बोट

नावावरून बोट सापडत नाही. सामान्य हिंदी शिपायाची वेगळी सेवा-फाईल मिळेल अशी आशा धरू नका. इस्पितळांच्या भरती-वह्याही नमुन्यादाखल ठेवलेल्या थोड्या सोडल्या तर उरल्या नाहीत. बोट सापडते ती पलटणीच्या हालचालींवरून.

त्या वेळच्या मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या. १९२२ च्या फेररचनेत त्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या: १०३ची पहिली, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी आणि ११४ची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. घरात ‘तिसऱ्या मराठ्यात होते’ असं सांगत असतील तर १९१५ च्या कागदांत ११० शोधा. १११वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. महार घरांतल्या शिपायांचा माग काढताना हा छोटा काळ लक्षात ठेवा, आणि त्याआधीच्या शोधासाठी मजूर, हमाल आणि खेचर तुकड्याही पाहा. खडकीचे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे इंजिनिअर शिपाई, ही आणखी एक वाट.

१०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी मेसोपोटेमियात लढणाऱ्या ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनची लढाई, मग माघार, ७ डिसेंबरपासून तैग्रिसकाठच्या कुत गावाला तुर्कांचा वेढा, २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती. यावरून अंदाज बांधता येतो. तुमचा माणूस यांपैकी एका पलटणीत असून वेढा पडण्याआधी जखमी झाला असेल तर तो डिसेंबर १९१५ च्या सुमारास बसऱ्याला पोहोचला. वेढ्यात अडकला असेल तर तो युद्धकैदी झाला, आणि त्याचा शोध आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने इंटरनेटवर ठेवलेल्या पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या कार्डांत घ्यायचा.

पलटणींच्या रोजनिशा, म्हणजे ‘वॉर डायरी’, लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हज्‌मध्ये ‘डब्ल्यूओ ९५’ या वर्गात आहेत. त्यातल्या पुष्कळ स्कॅन झालेल्या आहेत. हॉस्पिटल जहाजांच्या रोजनिशाही याच वर्गात मिळतात. त्यांत रुग्णांची नावं क्वचितच असतात, पण कुठल्या तारखेला कुठल्या धक्क्यावर किती हिंदी रुग्ण चढवले, किती निजलेले, किती बसते, वाटेत किती दगावले, हे असतं. तुमची तारीख आणि त्यांची तारीख जुळली की बोट सापडली.

नदीवरचा टप्पा विसरू नका

इथे थोडं थांबून सांगायला हवं. पुष्कळ जण बसरा ते मुंबई एवढाच प्रवास धरतात. खरा छळ त्याआधीचा होता. टेसिफोनहून जखमी माणसं तैग्रिस नदीतून चाकाच्या आगबोटींनी आणि त्यांना बांधलेल्या उघड्या पडावांतून खाली आणली. ‘वरेला’ या हॉस्पिटल जहाजावर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर बसऱ्याला होते. ‘मेजिदिए’ ही नदीची आगबोट येताना त्यांनी पाहिली. तिच्या कडेने दोर लोंबत आहेत असं लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा होती. माणसं इतकी खेटून ठेवली होती की हगवणीच्या रोग्यांना हलायलाही जागा नव्हती. कार्टरनी तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दटावलं. १९१७ मध्ये मेसोपोटेमिया चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि तो प्रकार सगळ्यांसमोर उघड झाला. हा अहवाल इंटरनेटवर वाचायला मिळतो. तुमचा माणूस त्या डिसेंबरात बसऱ्याला उतरला असेल तर त्या प्रकरणाची पानं जरूर वाचा. त्यातली माणसं तुमच्या पणजोबांच्या शेजारी पडलेली होती.

शोधाच्या दृष्टीने यातून एक नेमकी गोष्ट हाती लागते. बसरा ज्या नदीवर आहे त्या शत-अल-अरबच्या मुखाशी गाळाचा बांध होता आणि खोल बुडीच्या मोठ्या बोटी तो ओलांडू शकत नसत. त्या बाहेर समुद्रात नांगर टाकून थांबत आणि लहान हॉस्पिटल बोटी रुग्णांना तिथपर्यंत आणून देत. म्हणजे एक माणूस तीन दिवसांत दोन हॉस्पिटल जहाजांवर झोपलेला असू शकतो. एका रोजनिशीत ‘उतरवले’ आणि दुसरीत ‘चढवले’ असा सारखाच आकडा सापडला तर तो योगायोग समजू नका.

बोटीची कुंडली मांडा

बोटीचं नाव मिळालं की तिचं आधीचं आणि नंतरचं नाव शोधा. लॉयल्टीचंच उदाहरण घेऊ. ३० ऑगस्ट १८९० रोजी इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस इथे तिचं जलावतरण झालं, ते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ म्हणून. ५,९०५ टनांची, दोन पंख्यांची, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची. व्हँकुव्हर, जपान आणि हाँगकाँग या वाटेवर ती उतारू आणि टपाल नेत असे. एम्प्रेस ऑफ जपान आणि एम्प्रेस ऑफ चायना या तिच्या बहिणी. १९१४ साली शिंद्यांनी ती घेतली आणि नाव बदललं.

गंमत अशी की ‘लॉयल्टी’ हे नाव आधी ठरलं होतं. सप्टेंबर १९१४ मध्ये व्हाइसरॉय हार्डिंग यांची एक तार ब्रिटिश संसदेत वाचली गेली. ग्वाल्हेर, भोपाळ आणि इतर संस्थानिक मिळून या नावाचं इस्पितळ जहाज देणार, असं तीत होतं. आणखी एक घोटाळा टाळा. १९०० साली चीनच्या मोहिमेसाठीही माधवरावांनी ‘ग्वाल्हेर’ नावाचं इस्पितळ जहाज दिलं होतं. ‘शिंद्यांचं दवाखान्याचं जहाज’ एवढाच उल्लेख आला तर आधी साल पाहा.

एवढी नावं असताना बोट एकच आहे हे कसं ठरवायचं? ब्रिटिश नोंदणीतल्या प्रत्येक जहाजाला एक अधिकृत क्रमांक असे. मालक बदलला, नाव बदललं तरी त्या नोंदणीत असेपर्यंत क्रमांक तोच. ‘क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट’च्या संकेतस्थळावर नाव टाकून क्रमांक काढा, मग त्या क्रमांकाने उलट शोध घ्या. बोटीची सगळी नावं आणि नोंदणीची बंदरं एकाखाली एक येतात. लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या वार्षिक यादीच्या जुन्या खंडांत लांबी, रुंदी, इंजिन आणि मालक मिळतात. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पुढचं सगळं काम त्याच्या आधाराने चालतं.

नाव एक आणि युद्धं दोन, असंही होतं. ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘वीटा’ दोन्ही महायुद्धांत हॉस्पिटल जहाज होती आणि १९४१ मध्ये टोब्रुकजवळ तिच्यावर बॉम्बहल्ला झाला. १९१७ चा माणूस शोधताना १९४१ च्या कागदांत वाहवत जाऊ नका.

उतारू बोटीचं इस्पितळ कसं होई

हे समजून घेतलंत तर रोजनिशीतले तुटक शब्द बोलायला लागतात. पहिल्या वर्गाचं जेवणघर बोटीच्या मध्यभागी, सर्वांत रुंद आणि उजेडाचं. तिथे हेलकावे सर्वांत कमी बसतात. गालिचे, झुंबरं, टेबलं निघत आणि तिथे गंभीर रुग्णांचा वॉर्ड होई. केबिनींच्या मधल्या लाकडी भिंती काढून लांबच लांब दालनं करत. शस्त्रक्रियेची खोलीही मध्यावरच, आणि टेबल जमिनीला घट्ट ठोकलेलं. क्ष-किरणाच्या यंत्राला बोटीच्याच डायनमोची वीज. संसर्गाच्या रोग्यांचा वॉर्ड टोकाला, वारा त्यांच्यावरून दुसऱ्यांकडे जाणार नाही अशा जागी. औषधखाना, कपडे उकळायची जागा, लहानसं शवागार. स्ट्रेचर वळेल एवढे रुंद दरवाजे आणि खालच्या डेकवरून वर येण्यासाठी पाळणे.

हिंदी शिपायांच्या बोटीवर हिंदू आणि मुसलमान यांची वेगळी चूल आणि वेगळं पाणी ही व्यवस्था बघावी लागे. ज्या बोटीवर ती नव्हती तिथे माणसं उपाशी राहण्याचा धोका होता, आणि उपाशी रुग्ण टाका भरून येईपर्यंत टिकत नाही. म्हणून रोजनिशीत स्वयंपाकघराबद्दल जे लिहिलेलं असेल ते ओलांडून पुढे जाऊ नका. त्या बोटीवर तुमच्या माणसाचे दिवस कसे गेले असतील, हे त्या दोन ओळींतून जास्त कळतं.

रोजनिशीतल्या ‘लाइंग’ आणि ‘सिटिंग’ या शब्दांकडे लक्ष ठेवा. निजलेल्यांना खाट लागे, बसत्यांना डेकवर जागा मिळे. घरात ‘स्वतःच्या पायांनी बोटीवर चढले’ अशी आठवण असेल तर तुम्हाला बसत्यांचा आकडा पाहायचा आहे.

फोटो हाती आला तर

१९०७ च्या हेग करारानुसार हॉस्पिटल जहाज बाहेरून पांढरं आणि त्यावर सुमारे दीड मीटर रुंदीचा आडवा पट्टा. सरकारी लष्करी जहाजाला हिरवा, खासगी किंवा मदतसंस्थेच्या खर्चाने चालणाऱ्याला लाल. राष्ट्राच्या निशाणाबरोबर रेडक्रॉसचं निशाण. काळ्या-पांढऱ्या फोटोत हिरवा आणि लाल सारखाच करडा दिसतो. पट्टा आहे एवढंच म्हणा, रंग ठरवू नका.

नुसत्या पांढऱ्या रंगावर तर मुळीच जाऊ नका. एम्प्रेस ऑफ इंडिया शांततेच्या काळातही पांढरीच होती. तिला ओळखायचं ते आकारावरून: दोन धुराडी, तीन डोलकाठ्या आणि शिडाच्या जहाजासारखी पुढे झेपावलेली तिरकी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक. १९१४ पर्यंत ही ठेवण जुनी झाली होती, त्यामुळे ती गर्दीत वेगळी दिसते. धुराडी मोजा, डोलकाठ्या मोजा, नाळ सरळ की तिरकी पाहा, आणि मग लॉइड्सच्या माहितीशी ताडा.

फोटोत खुणाच नसतील तर त्याचाही अर्थ असू शकतो. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी हॉस्पिटल जहाजांनाही लक्ष्य केल्यावर काही ब्रिटिश जहाजांवरच्या खुणा पुसल्या गेल्या. ती संरक्षणात चालू लागली आणि कागदांत त्यांना ‘ॲम्ब्युलन्स ट्रान्सपोर्ट’ म्हटलं गेलं. त्या काळासाठी दोन्ही शब्दांनी शोध घ्या.

खलाशांचं कपाट

हा भाग मला सर्वांत जवळचा आहे, कारण यांना कुणी शोधतच नाही. ब्रिटिश इंडिया आणि तिच्यासारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवर कोकणातले खलाशी पुष्कळ, त्यांत रत्नागिरीचे मुसलमान बरेच. जेवणघर आणि केबिनींची कामं गोव्याच्या तारवटींकडे, म्हणजे तिकडच्या जहाजी माणसांकडे. खाली इंजिनात आगवाले आणि तेलवाले, पंजाब-सरहद्दीकडचे. वरचा सारंग, त्याखाली टंडेल, मग खलाशी. भंडारी स्वयंपाकाला, टोपास सफाईला. बोटीचं इस्पितळ झालं म्हणून ही माणसं बदलली नाहीत. हगवणीच्या वॉर्डची जमीन धुणारा टोपास आणि स्ट्रेचरचा दोर ओढणारा खलाशी कोणत्याही वैद्यकीय अहवालात नावाने येत नाही.

‘रीवा’ ही अशीच इस्पितळ झालेली उतारू बोट. ४ जानेवारी १९१८ रोजी ब्रिस्टल खाडीत तिच्यावर पाणतीर लागला. २७९ जखमींपैकी एकही दगावला नाही. मेले ते बोटीचे ४ कामगार.

यांना शोधायचं ते बोटीच्या करारपत्रात. लष्करी खलाशी-यादी म्हणून शोधलंत तर काही मिळणार नाही. करारपत्रात खलाशाचं नाव, वय, पुष्कळदा बापाचं नाव आणि गाव असतं. १९१५ सालच्या याद्या ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे आहेत आणि इंटरनेटवर मोफत शोधता येतात. जुन्या याद्यांचा फार मोठा साठा कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहे. दोन्हीकडे अधिकृत क्रमांकानेच शोधा. घरात पत्र्याच्या नळीत गुंडाळलेला दाखला मिळाला तर तो खलाशाचा नोकरीदाखला, जुन्या लोकांच्या बोलण्यातली ‘नली’. त्यावरच्या प्रत्येक ओळीत एक बोट आहे. गोव्याकडच्या माणसासाठी पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि मुंबईत धोबीतलावच्या आसपासचे कूड, म्हणजे गावागावांचे क्लब, हे दोन दरवाजे ठोठवा.

मुंबई आणि दिल्लीतले कागद

मुंबईच्या फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेख आहेत. ओळखपत्र न्या, विषय लिहून न्या आणि ‘महायुद्ध’ असं मोघम न सांगता ‘१९१५ ते १९१८, सागरी खातं, रुग्णांची उतराई’ असं नेमकं मागा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या पाहता येतं. लॉयल्टीसारख्या संस्थानिकांच्या जहाजासाठी लष्कर खात्याबरोबर परराष्ट्र आणि राजकीय खातंही तपासा, कारण देणगीचा पत्रव्यवहार तिकडे गेला. केसरीच्या त्या वर्षांच्या फायलींतूनही बोटींच्या बातम्या सापडतात.

उतरल्यावर माणूस कुठे नेला असेल, तेही पाहा. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्या वर्षांत लष्करी इस्पितळ होतं. ताजमहाल हॉटेलमध्येही ६०० खाटांचं इस्पितळ केलं होतं. पेन्शनच्या कागदावर मुंबईच्या इस्पितळाचं नाव असेल तर तिथून मागे जाऊन उतरण्याची तारीख काढता येते.

नाव सापडलं, किंवा सापडलं नाही

वाटेत समुद्रात मृत्यू आला असेल तर नाव स्मारकावर शोधा. मेसोपोटेमियात गेलेल्यांसाठी बसरा स्मारक आहे, चाळीस हजारांहून अधिक माणसांचं. पण त्याच्या दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि साध्या शिपायांचे फक्त आकडे. शिपायांची नावं नोंदवहीत आहेत, म्हणून दगडाच्या फोटोत नाव दिसलं नाही तर नोंदवही पाहिल्याशिवाय हार मानू नका. खलाशांसाठी मस्जिद बंदरजवळ पी. डिमेलो मार्गावरच्या इंडियन सीमेन्स होममध्ये मुंबई स्मारक आहे. ज्यांची कबर म्हणजे समुद्रच, अशा दोन हजारांहून अधिक नाविकांचं.

कुठेच नाव नसेल आणि तुमच्याकडे पुरावा असेल तर वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे अर्ज करता येतो. नाव चुकीचं लिहिलेलं असेल तरी दुरुस्ती मागता येते. अर्जात मृत्यूची तारीख आणि कारण दाखवणारा त्या काळातला कागद जोडा. पेन्शनचा हुकूम, पलटणीचं पत्र किंवा करारपत्रातली ‘समुद्रात मृत’ ही नोंद चालते. घरातली आठवण एकटी पुरावा ठरत नाही, पण ती सोबत लिहून द्या. पदकाच्या कडेचे चारही फोटो जोडा आणि मूळ कागद मात्र पाठवू नका. गावाचं नाव आजच्या आणि तेव्हाच्या अशा दोन्ही जिल्ह्यांसह लिहा, आणि बोटीच्या नावापुढे तिचा अधिकृत क्रमांक टाका.